धक्का बुडाला, भेग पोटात

शिडाची होडी खडकावर चढली की धक्का बसतो कीलच्या टोकाला, पण मोडतोड बरेचदा होते दोन मीटर वर, केबिनच्या फळ्यांखाली, तीही कीलच्या मागच्या बाजूला. हे गणित कळल्यावर मी थक्कच झालो.

आजकालच्या शिडाच्या होडीचं अंग फायबरचं, हलकं. त्याच्या तळाला शिशाची किंवा बिडाची जड कील बोल्टांनी आवळलेली असते. वाऱ्याने कललेली होडी हिच्या वजनामुळे पुन्हा सरळ होते. होडीच्या एकूण वजनातला तिसरा हिस्सा एकट्या कीलचा असणं अगदी नेहमीचं.

समजा, 6 टनांची होडी 6 नॉटने, म्हणजे ताशी 11 किलोमीटरने चालली आहे. हा सायकलचा वेग झाला. कीलचं टोक खडकाला अडलं आणि होडी 10 सेंटिमीटरांत थांबली, तर ढोबळ हिशेबाने खडकाचा रेटा 30 टनांच्या आसपास जातो! शिवाय टोक थांबलं तरी वरची होडी पुढे जायला बघतेच. मग कीलची तरफ होते. तिची पुढची कड होडीपासून सुटायला बघते आणि मागची कड तळात घुसायला. कीलची खोली वरच्या जोडाच्या लांबीच्या दुप्पट असेल, तर मागच्या कडेवरचा दाबही त्या रेट्याच्या दुप्पट होतो.

शिशाची कील इथे उपकार करते. ती मऊ असल्याने चेपते आणि थोडा धक्का स्वतःच पचवते. बीड मात्र जवळजवळ सगळा धक्का वर पाठवतं.

यार्डात क्रेनने होडी उचलली की जाणकार माणूस लहान हातोडी घेऊन तळ ठोकत फिरतो. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. थर एकसंध असतील तर आवाज टणक येतो. आतून सुटले असतील तर बद्द. मग कीलवरचा भार काढून आणि पुन्हा टेकवून जोडाची फट उघडते का, ते बघतात. केबिनच्या फळ्या काढून बोल्टांभोवतीच्या केसासारख्या भेगा टॉर्चने शोधतात.

खरी अवघड जागा पुढेच आहे. कित्येक होड्यांत तळाला आतून फायबरची आडवी-उभी चौकट नुसती चिकटवलेली असते. ती कुठे सुटली, हे डोळ्यांना दिसेलच असं नाही. 2014 च्या मे महिन्यात अँटिग्वाहून इंग्लंडला परतणारी ‘चीकी रफीकी’ ही 40 फुटी होडी अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेच्या मते, आधी जमिनीला लागणं आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी तिचा सांधा कमजोर झालेला असू शकतो. म्हणूनच ‘हलकंच घासलं, काही नाही झालं’ या वाक्यावर माझा विश्वास नाही.

दुरुस्तीत नट सोडून कील उतरवतात. जुनं सीलंट इतकं चिवट असतं की पाचरी ठोकाव्या लागतात. ओल शिरलेलं फायबर आधी वाळवायचं. त्यात आठवडे जातात. मग ग्राइंडरने तुटका भाग काढून कडांना लांबलचक उतार देतात. जाडीच्या 12 पट हा नेहमीचा ठोकताळा, म्हणजे 1 सेंटिमीटर जाडीला चहूबाजूंनी 12 सेंटिमीटर. एवढी खोदाई का? जुने तंतू तुटलेले असतात, ते पुन्हा जुळत नाहीत. नव्या-जुन्यात असते ती फक्त रेझिनची पकड. ताण त्या पकडीवर एका रेषेत न येता पसरावा, म्हणून हा उतार. त्यावर इपॉक्सीत भिजवलेले काचतंतूंच्या कापडाचे थर एकावर एक चढतात.

शिशाला पडलेला खळगा त्या मानाने किरकोळ. हातोडीने सारखा करायचा, इपॉक्सीची लांबी भरून घासायचं.

गंजलेले बोल्ट बदलून, नवं सीलंट लावून नट ठरलेल्या ताणाने आवळले की होडी पाण्यात उतरते, पण क्रेनचे पट्टे लगेच सोडत नाहीत. आधी एक जण आत उतरतो आणि एकेका बोल्टाभोवती कोरडा टिश्यू दाबून पाहतो.