नाव हळू चालवा, पाहुणे येतील!

थंडी पडू लागली की घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. मुलांना पाणी हवं असतं, होडी हवी असते. पण हल्ली एक निराळ्या तऱ्हेचा प्रवासीही दिसू लागला आहे. मोटारबोटीचा धडाका त्याला नको असतो. तो निघण्यापूर्वीच विचारतो, ‘तिथं पक्षी आहेत का? कचऱ्याचं काय करता? आमच्या पैशातलं गावाला काय मिळतं?’

अशा पाहुण्याला बोलवायचं कसं? तळ्याकाठच्या बचत गटांतल्या भगिनींनी याचा जरूर विचार करावा. गोंदिया जिल्ह्यातल्या बायकांना तर ही घरबसली संधी आहे.

तळ्यांचं माहेर

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं इथं गावोगावी तळी बांधली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटलांनी बांधल्याचं सांगतात. शेजारचं जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लिखाणातून हा परिसर मराठी घरांत पोचलेलाच आहे. बोदलकसा, चोरखमारा, परसवाडा, इटियाडोह ही नावंही पक्षी पाहणाऱ्यांच्या ओठांवर असतात.

पण एक गोष्ट विसरायची नाही. ही तळी पर्यटनासाठी बांधलेली नाहीत. तळ्यावर पहिला हक्क धानाचा, दुसरा धीवर बांधवांच्या जाळ्याचा, तिसरा पाखरांचा. पाहुणा चौथा! पहिल्या तिघांच्या पोटावर पाय देऊन चौथ्याचं कौतुक केलं, तर पुढं पाहण्यासारखं काही उरणारच नाही.

गोंगाट का नको?

हिवाळ्यात दूर उत्तरेकडून बदकं इथं उतरतात. परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते. बोट अंगावर आली की थवा उडतो आणि खाल्लेलं उडण्यातच खर्च होतं. दिवसातून दहा वेळा पानावरून उठवलं तर आपलं तरी जेवण होईल का? कमळपक्षी तर पाण्यावरच्या पानांवरच अंडी घालतो. वेगानं जाणाऱ्या बोटीची लाट त्याचं घरटं बुडवू शकते. शिवाय इंजिनाचं तेल पाण्यात उतरतं, ते वेगळंच.

सारसाचं तर काय सांगावं! महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या चाळिशीच्या आतच आली. पावसाळ्यात धानाच्या बांदीत नाहीतर उथळ पाण्यात तो घरटं करतो. म्हणून घरट्याची जागा जाहिरातीत कधीही सांगू नये, तिचा फोटोही छापू नये.

वल्ह्याचा डोंगा किंवा कयाक नावाची छोटी नाव मात्र आवाज करीत नाही. जाणता प्रवासी याच शांततेसाठी पैसे मोजतो.

वेंगुर्ल्याच्या भगिनींनी केलं

हे बायकांना जमेल का, अशी शंका कुणी काढील. तर सिंधुदुर्गाकडे पाहा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मासेमार कुटुंबांतल्या बायकांच्या ‘स्वामिनी’ बचत गटानं २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. या बायका स्वतः होडी वल्हवायला शिकल्या. कांदळाच्या जाती ओळखून पाहुण्यांना समजावून सांगू लागल्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं, म्हणून लोक ऐकायला आले.

गोंदियातही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. इथल्या धीवर समाजातल्या बायकांनी तळ्यातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचं काम केलं आहे. मासा का वाढला, पाखरू का परतलं, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगणार?

जाहिरात कशी करावी?

● ‘पर्यावरणपूरक’ असा नुसता शब्द लिहून भागत नाही. नियम लिहा: ‘मोटार नाही. एका नावेत चारच पाहुणे. सकाळी दोन फेऱ्या. थव्यापासून दूर राहू.’ हीच खरी जाहिरात.

● जे हातात नाही ते कबूल करू नका. ‘सारस हमखास दाखवू’ म्हणाल, तर दाखवण्यासाठी त्याच्या मागं लागावं लागेल.

● पैशाचा हिशेब फलकावर मांडा. समजा, तिकीट दोनशे रुपये: नव्वद वल्हवणारीचे, चाळीस नावेच्या डागडुजीचे, चाळीस मासेमार सोसायटीचे, तीस तळ्याच्या सफाईचे. असा हिशेब पाहिला की पाहुणा घासाघीस करीत नाही.

● जेवण घरचंच ठेवा. गावचा तांदूळ, तळ्याचा मासा, स्टीलचे पेले. प्लास्टिकची बाटली काठावरच ठेवून घ्या.

● माहिती द्यायची ती नेमक्या ठिकाणी द्या. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन, तर नागपूर जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. नागपूरची पक्षिमित्र मंडळं, शाळा, महिला मंडळं यांना आधी कळवा. समाधानी पाहुणी चार जणींना घेऊन परत येते.

आधी परवानगी, मग पाहुणचार

तळं ज्या खात्याचं असेल त्याची परवानगी आणि मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीची संमती, या दोन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. जंगल जवळ असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय नाव पाण्यात घालू नये. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं आणि त्याचे पट्टे बांधलेले हवेत. ‘मला पोहता येतं’ म्हणणाऱ्यालाही सवलत नाही. वारा सुटला की फेरी रद्द, पैसे परत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हे ध्यानात असू द्यावं.

आणि प्रवाशांनो, तुमचंही काम आहे बरं का! होडीत गाणी लावू नका, भडक कपडे टाळा, मुलांना दुर्बीण द्या. ‘अजून जवळ घ्या ना’ असा आग्रह वल्हवणारीला करू नका. तिनं नाव लांब थांबवली तर ती आळस करीत नाही, तळं राखते आहे. तिला त्याचेच पैसे द्यायचे आहेत.