तिसरीचा वर्ग आणि त्याचा जिल्हा

राज्य मंडळाच्या शाळेत मूल तिसरीत गेले की त्याच्या हातात एक पुस्तक असे येते, जे शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलाच्या पुस्तकाहून वेगळे असते. बालभारतीचे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक निघते. नाशिकचे वेगळे, धुळ्याचे वेगळे, जळगावचे वेगळे. 2014 मध्ये ही पुस्तके नव्याने आली तेव्हाही ही पद्धत राखली गेली. त्याआधी तिसरीच्या भूगोलात आपला जिल्हाच शिकवला जाई. भाषा आणि गणित सगळ्या राज्याला एक, परिसर मात्र ज्याचा त्याचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल फारसे कुणी करत नाही. आठ वर्षांच्या मुलाने जग समजून घ्यायला आपल्या दारापासून सुरुवात करावी, असे मानणारा हा निर्णय आहे, आणि त्याने तिसरीच्या वर्गाला एक काम नेमून दिले आहे. पाणी कुठून येते, दिशा कशा ओळखायच्या, गावाचा कारभार कोण चालवते, आपल्या गरजा कोण पुरवते, या प्रश्नांची उत्तरे चार भिंतींच्या आत नसतात. वर्ग बाहेर नेला की अभ्यास बुडाला, अशी आपली समजूत आहे. तिसरीपुरते तरी बाहेर जाणे हाच अभ्यास आहे, असे माझे ठाम मत आहे.

नाशिकच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला तिसरीचा दिवस कसा जातो ते पाहिले तर या अभ्यासाला वेगळा वेळ काढावा लागत नाही हे ध्यानात येते. सकाळी परिपाठ होतो: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, पाढे. मग हजेरी, आणि फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि उपस्थिती. ही उपस्थिती पुढे स्वयंपाकाच्या खोलीत जाते, कारण पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ धरतात. 28 मुले आली असतील तर 2 किलो 800 ग्रॅम. हा गुणाकार तिसरीच्या मुलांनी करून मावशींना सांगितला तर गणिताच्या पुस्तकातल्या कुठल्याही शाब्दिक उदाहरणापेक्षा तो खरा, कारण चुकला तर मधल्या सुट्टीत खिचडी कमी पडते. परसबागेतली मेथी किती दिवसांत काढणीला आली, व्हरांड्यातली सावली सकाळी कुठे होती आणि शाळा सुटताना कुठे गेली, हौदाची पातळी सोमवारपासून शनिवारपर्यंत किती उतरली, या नोंदींना पैसा लागत नाही. एक जाड वही लागते, आणि ती रोज लिहिण्याचा शिरस्ता लागतो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्षात किमान 200 दिवस शाळा भरते. दोनशे दिवसांच्या नोंदी म्हणजे आठ वर्षांच्या मुलांनी स्वतः तयार केलेले, त्यांच्याच गावाचे पुस्तक.

शहरातल्या वर्गासाठी याहून मोठे धाडस गोदाकाठावर वाट पाहते आहे. नाशिककर जिला नुसते गंगा म्हणतात ती नदी ब्रह्मगिरीवर उगम पावते, साधारण पूर्वेकडे वाहते आणि 1,465 किलोमीटरनंतर बंगालच्या उपसागराला मिळते. पण रामकुंडाशी ती दक्षिणेकडे वळते. होकायंत्र हातात दिलेला वर्ग तिथे काठावर उभा केला की पुस्तकातल्या सरळ बाणाचा आणि डोळ्यांसमोरच्या पाण्याचा मेळ बसत नाही, आणि मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात. तिथून हाकेच्या अंतरावर दुतोंड्या मारुती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पुराची बातमी शहरभर याच मारुतीच्या अंगावरून मोजली जाते: पाणी कमरेला लागले, छातीला लागले, डोक्यावरून गेले. 1969, 2008, 2016 या सालांचे पूर जुन्या नाशिकमधल्या घराघरांत याच मापाने सांगितले जातात. तिसरीच्या मुलाला मोजमाप शिकवायचे तर यासारखे साधन शोधून सापडणार नाही. सरकारी पत्रकात क्युसेक असतात, आजीच्या बोलण्यात मारुतीची छाती असते. दोन्ही मापेच, पण एकाने धरणातून किती पाणी सुटले ते कळते आणि दुसऱ्याने ते आपल्या गल्लीपासून किती दूर आहे ते. हा फरक आठ वर्षांच्या मुलाला कळतो. मोठ्यांनाच वाटते की कळणार नाही. पूर ओसरल्यावर, कोरड्या दिवशी मूर्ती पाहायची, घरी जाऊन 2008 ची हकिगत विचारायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चार घरांच्या चार हकिगती ताडून पाहायच्या. इतिहासाचा अभ्यासक याहून निराळे काही करत नाही.

जिल्ह्याचे पुस्तक झाले म्हणजे सगळे साधले, असे मात्र मी म्हणणार नाही. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या एकसष्ट लाखांवर आहे, आणि एका टोकाचे दुसऱ्या टोकाशी फारसे काही जुळत नाही. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, नांदगावकडे पाचशेच्या आसपास. गोदावरीचे पाणी पूर्वेला जाते, तर पेठ-सुरगाण्यातल्या दमणगंगा, नार आणि पार पश्चिमेला गुजरातेत उतरतात. पेठच्या मुलाच्या घरी नागलीची भाकरी, निफाडच्या मुलाच्या घरी द्राक्षांच्या खरड छाटणीची आणि गोडी बार छाटणीची बोलणी, येवल्यात पैठणीचा हातमाग, मालेगावात यंत्रमागाची धडधड, लासलगावात कांद्याचे लिलाव. बागलाणात मूल अहिराणी बोलत शाळेत येते, सुरगाण्यात कोकणा, मालेगावात बहुधा उर्दू. एवढे सगळे एका पुस्तकात मावणार कसे? म्हणून जिल्ह्याच्या पुस्तकाकडे मी सुरुवात म्हणून पाहतो. त्यातली गावाची पाने प्रत्येक वर्गाने स्वतः भरायची असतात. आणि इथेच या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण दिसतो. मराठी वाचताना अडखळणारी, मागच्या ओळीत गप्प बसणारी मुलगी वर्ग रानाच्या कडेला गेला की बोलू लागते, कारण पावसाळ्यातली करटोली कुठे सापडतात आणि कुर्डूची भाजी कोवळी असतानाच का खुडायची हे तिला माहीत असते आणि गुरुजींना नसते. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात, तेव्हा त्यांच्या मुलांची शाळा तुटते आणि हजेरीच्या वहीत ती गैरहजर ठरतात. पण हीच मुले जिल्हा खरोखर आडवा ओलांडून आलेली असतात. घाटमाथ्यावरची भातखाचरे आणि मैदानातल्या द्राक्षबागा दोन्ही त्यांनी पाहिलेल्या असतात. परतल्यावर त्यांच्याकडून तो रस्ता फळ्यावर काढून घेणारा शिक्षक नकाशाचा धडा शिकवतो, आणि शाळा तुटलेल्या मुलाला वर्गात परत जागा मिळवून देतो.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. मुलांना वाचता येत नाही, आणि तुम्ही त्यांना नदीवर नेणार? ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभरातल्या जेमतेम तेवीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि गणित करता यावे, हे ‘निपुण भारत’चे 2021 पासूनचे उद्दिष्ट आहे, आणि ते योग्यच आहे. पण वाचन आणि बाहेर जाणे यांत एकाचीच निवड करावी लागते, हे गृहीतक मला मान्य नाही. लिहायला स्वतःजवळ काही असले तर मूल लिहिते. बाजारातल्या पाट्या, एसटीच्या फलकावरची गावांची नावे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फलक हे अर्थासकट वाचायचे साहित्य आहे, आणि परत आल्यावर लिहिलेल्या पाच ओळी फळ्यावरून उतरवलेल्या पन्नास ओळींपेक्षा जास्त शिकवतात. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मुलाच्या जगण्याशी जोडलेले शिक्षण अक्षरओळखीच्या आड येत नाही, हे महाराष्ट्राने या दोन ठिकाणी केव्हाच करून पाहिले आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि मनुष्यबळाचा. साठपर्यंत पट असलेल्या शाळेत कायद्याने दोनच शिक्षक. तिसरीचा वर्ग दुसरीबरोबर किंवा चौथीबरोबर एकाच खोलीत बसतो. त्यात निवडणुकीची कामे, जनगणना आणि ऑनलाइन माहिती भरणे. एका शिक्षकाने तीस मुले घेऊन महामार्ग ओलांडावा असे कुणीही म्हणू नये. शिक्षकांची ही तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर सरकारने द्यायचे आहे. मात्र तिसरीच्या धाडसाला महामार्ग ओलांडावा लागत नाही. प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा निकष आहे. म्हणजे मुलांचे सगळे जग त्या किलोमीटरभरातच आहे: विहीर, गिरणी, पोस्ट, दवाखाना, ओढा. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर एकत्रच निघाव्यात, सोबत शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक असावेत. 2024 पासून शाळांत ‘आनंददायी शनिवार’ आला आहे, तो याच कामी लावता येईल. आणि दुर्गम भागातल्या वर्गांना हे झेपणार नाही असे कुणाला वाटत असेल तर त्याने त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची जिल्हा परिषद शाळा पाहावी. दोन्ही हातांनी लिहिणाऱ्या तिथल्या मुलांची कीर्ती राज्यभर झाली. त्यामागे कसली यंत्रसामग्री नाही, शिक्षकाने वर्षानुवर्षे दिलेला वेळ आहे.

मला जास्त काळजी वाटते ती नाशिक शहरातल्या मुलांची. केंद्रीय मंडळाच्या शाळांत तिसरीचे पुस्तक साऱ्या देशासाठी लिहिलेले असते. ते चांगले असेल, पण त्यात गंगापूर धरण नाही, पांडवलेणी नाहीत, नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्षी नाहीत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी राहणारे मूल सातवाहनांच्या शिलालेखांवरून रोज स्कूलबसने जाते आणि त्याला ते कुणी दाखवत नाही. वर्षातून एकदा निघणारी वॉटर पार्कची सहल ही उणीव भरून काढत नाही.

राज्यातली पाठ्यपुस्तके आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. या बदलात तिसरीचे जिल्ह्याचे पुस्तक टिकले पाहिजे, आणि जमल्यास त्यात तालुक्यासाठी कोरी पाने ठेवली पाहिजेत. पालकांनीही पुढच्या पालकसभेत गुणांच्या आधी एक प्रश्न विचारावा: या महिन्यात तिसरीचा वर्ग कुठे कुठे जाऊन आला?