पात्यावर नाव नसलेले लोहार

आजोबांची एक पटाशी माझ्याकडे आहे. औरंगाबादला शहागंजाच्या मागच्या गल्लीत ते सुतारकाम करत. मूळची वीतभर पटाशी सहाणेवर झिजून आता चार बोटं उरली आहे. उजेडात आडवी धरली की धारेलगत चकचकीत रेघ दिसते आणि तिच्यावर मंद, राखाडी लोखंड. आजोबा म्हणायचे, "खालचं पोलाद कापतं, वरचं लोखंड मार खातं."

जपानी पटाशीही अशीच दुहेरी असते, हे मला पुष्कळ पुढे कळलं. निव्वळ कडक पोलाद ठोक्याने तडकतं आणि पाजवायला जड जातं. मऊ लोखंडाची पाठ दिली की दोन्ही अडचणी सुटतात. आपल्याकडे पोलाद महाग, म्हणून लोहार ते तोंडापुरतंच लावत. दोन्ही तापवायचं, सांध्यावर टाकणखार टाकायचा आणि ऐरणीवर घणाने एकजीव करायचं. मग पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर धार तुटते, कमी पडलं तर वळते. विझवलेलं पातं पुन्हा हलकं शेकताना त्यावर गवती पिवळा रंग कधी चढतो, हे डोळ्यांनीच ओळखायचं. म्हणून भट्टी नेहमी सावलीत.

हे पोलाद या मुलखाला परकं नव्हतं. निजामाच्याच राज्यातल्या, आज तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम् गावी मुशीतलं पोलाद निघे आणि ते न्यायला इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या भूवैज्ञानिकाने त्याची हकिकत लिहिली, ती 1832 मध्ये छापली गेली. पुढे विलायती पोलाद आलं आणि त्या भट्ट्या विझल्या. 1900 मध्ये आगगाडी औरंगाबादला पोचली. मोटारी वाढल्या तसे लोहार गाड्यांच्या जुन्या कमानपाट्यांतून हत्यारं घडवू लागले. चांगल्या पोलादाचा तो तुकडा वाया जाऊ न देण्यात मला त्यांचं शहाणपण दिसतं.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. तिथे दगडाच्या छताला लाकडी वाशांचा आकार दिला आहे. आजोबा मान वर करून ते वासे बराच वेळ पाहत राहत.

त्यांची जुनी करवत ओढताना कापायची. जमिनीवर बसायचं, लाकूड पायाने दाबायचं आणि करवत आपल्याकडे खेचायची. जपानी करवतही ओढूनच चालते. ओढताना पातं ताणलं जातं, वाकत नाही, त्यामुळे ते पातळ ठेवता येतं.

पण एका ठिकाणी दोन्ही वाटा फुटतात, आणि तिथे मला खरोखर वाईट वाटतं. 1876 मध्ये जपानात तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा तलवारी घडवणारे हात रंध्याच्या पात्यांकडे वळले. चियोझुरू कोरेहिदे (1874–1957) यांच्या पात्यांसाठी सुतार आजही जीव टाकतात, कारण पात्यावर त्यांचं नाव आहे. आपल्याकडे सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गावगाडा'त दोघेही भेटतात. एकाने चाक जुळवायचं, दुसऱ्याने गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव त्यावर चढवायची. मोबदला सुगीला, धान्यात. कोणाची धार टिकते हे सगळ्या गावाला ठाऊक, मग नाव कोरणार कशाला? गाव विसरलं तेव्हा नावंही गेली.

1985 मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे प्लायवूड आलं, सनमायका आला, विजेवरचे रंधे आले. प्लायला पटाशी लागतेच कुठे? आजोबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे सागवानी चौकटींच्या दुरुस्तीखेरीज काम येत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात घरातलं एक दार अडकू लागलं. मी ती पटाशी बाहेर काढली, सहाणेवर पाणी टाकलं आणि पाचेक मिनिटं घासली. नखावर टेकवून पाहिली, घसरली नाही. मग चौकटीच्या फुगलेल्या कडेवर धरली. सागाची एक पातळ, लांब साल वळत वळत निघाली.