टिश्यू कल्चर ऊस : बाटलीत वाढणारे निरोगी बेणे

ऊस लावायचा म्हणजे कांड्यांची टिपरी करून सरीत दाबायची, हे शेतकरी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. अडचण अशी की टिपरीसोबत आजारही शेतात येतो. काणी, गवताळ वाढ, मोझॅक हे रोग बेण्यातूनच पसरतात. तेच बेणे वर्षानुवर्षे वापरले की उतारा घटतो, खर्च मात्र तेवढाच राहतो. यावरचा एक उपाय म्हणजे टिश्यू कल्चर, म्हणजेच उतिसंवर्धन.

हे करतात कसे? निरोगी, जातिवंत उसाच्या शेंड्याची पाने सोलत गेले की आत अगदी बारीक वाढबिंदू सापडतो. तिथल्या पेशी झपाट्याने वाढतात आणि विषाणू सहसा तिथवर पोचलेले नसतात. हा भाग निर्जंतुक करून बाटलीत ठेवतात. बाटलीत साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि संजीवके असलेले खाद्य असते. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली दिलेला हा नुस्खा आजही जगभर चालतो. फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हा वाढवतात, मग मुळे फोडतात. शेवटी रोपे शेडनेटमध्ये काही आठवडे ठेवून बाहेरच्या हवेची सवय लावतात. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी रोपे तयार होतात.

"ही कुदरतीत ढवळाढवळ नाही का?" असे काही बुजुर्ग विचारतात. यात उसाचे जनुक बदलत नाहीत. को ८६०३२ चे रोप को ८६०३२ च राहते. कलम करतो तसेच हे, फक्त कलम फार बारीक आहे.

रोपे महाग असतात, म्हणून सगळे रान त्यांनी भरू नका. १० गुंठ्यांचा बेणे-प्लॉट करा. पाच फुटी सरीत दोन फुटांवर एक रोप धरले तर साधारण १,१०० रोपे लागतील. त्या प्लॉटचे नऊ-दहा महिन्यांचे बेणे मोठ्या क्षेत्रावर लावा आणि दर तीन वर्षांनी बेणे बदला. खत-पाण्यात कसूर केली तर मात्र चांगले रोपही काही करू शकत नाही.

रोपे घेताना जात कोणती, प्रयोगशाळा कोणती, रोगाची तपासणी झाली का, हे विचारा आणि पक्की पावती घ्या. ट्रेमध्ये टिपरीच्या डोळ्यापासून केलेली रोपेही "टिश्यू"च्या नावाने खपवली जाऊ शकतात. दिसायला दोन्ही हिरवीच असतात, आणि फरक कळेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.