तारीख बदला, पण बेतानं!

दिवाळीचं तिकीट काढलंय, आईनं चिवडा केलाय आणि बॉस म्हणतो, 'सुट्टी दोन दिवस पुढे ढकल ना!' पूर्वी अशा वेळी बडनेऱ्याच्या गाडीचं वेटिंग बघत बसायचं. १६ एप्रिल २०२५ला बडनेऱ्याजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं आणि दुसरा पर्याय मिळाला. तिकीट 'फ्लेक्सी' असेल, तर तारीख बदलायची फी वाचते. पण थांबा! नव्या तारखेचं भाडं जास्त असेल, तर फरक तुमच्याच खिशातून जाणार. तारीख किती वेळा बदलता येईल, उड्डाणाच्या किती तास आधीपर्यंत, हे तिकीट काढतानाच वाचा. इथं काही तासातासाला विमानं नाहीत. म्हणून आधी वेळापत्रक बघा, मग भाडं आणि मगच बॉसला 'हो' म्हणा. नाहीतर आईचा चिवडा कुरिअरनं मागवावा लागेल!