संगणकाने दर काढला, पण कुठला?

सांगलीची हळद असो, तासगावचा बेदाणा असो की साताऱ्याकडचं आलं, माल बाहेर काढण्याआधी दर विचारायची आपली रीत जुनीच. आता पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे दर तक्त्यात मिळतात. केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट तर 2000 पासून आहे. हे आकडे संगणकाकडून आपोआप उचलून गावच्या फलकावर लावता येतात. काम चांगलं, पण त्यात एक खोच आहे.

संगणकाला 'दर' कळत नाही. त्याला आकड्याचा साचा सांगावा लागतो. यालाच रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. [0-9]+ म्हणजे 'सलग येणारे अंक उचल', बस्स. तक्त्यात 15,500 असेल तर तो स्वल्पविरामापाशी थांबतो, हाती येतात 15. हळद पंधरा रुपये! साचा [0-9,]+ केला की पुरा आकडा येतो. पान देवनागरी अंकांत असेल तर [0-9०-९,]+ करा.

पंधरा रुपये निदान डोळ्याला खटकतात. घात करते ती न खटकणारी चूक. पणन मंडळाच्या तक्त्यात ओळीने आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि शेवटी सर्वसाधारण दर येतो. समजा, गुळाची आवक 3,100 क्विंटल आणि सर्वसाधारण दर 3,900. साच्याने पहिलाच आकडा उचलला तर फलकावर 3,100 लागेल आणि कुणाला शंकाही येणार नाही. त्या भरवशावर घरीच सौदा केलेल्या माणसाचे क्विंटलमागं 800 रुपये गेले. म्हणून चारही आकडे क्रमाने उचला आणि चौथा लावा. जास्तीत जास्त दराला भुलू नका, तो कधी एखाद्याच उत्तम मालाला मिळालेला असतो.

परिमाणाचा रकाना तर सोडूच नका. साताऱ्याकडं आल्याचा सौदा 500 किलोच्या गाडीवर होतो, तक्ता मात्र क्विंटलचा. क्विंटलला 4,000 म्हणजे गाडीला 20,000. बेदाणा किलोवर बोलला जातो, तिथं शंभराने भागा.

ग्रामपंचायतीत हे काम पाहणाऱ्यांनी पहिले आठ दिवस आकडे पानाशी हाताने ताडून बघावेत. फलकावर बाजार समिती, तारीख आणि परिमाण लिहावं. तक्त्याचे रकाने बदलले की साचा गुपचूप चुकतो. ज्या दिवशी चार आकडे मिळाले नाहीत, त्या दिवशी फलक कोरा ठेवा, कालचा दर पुन्हा लावू नका.