भाता कुणाचा बिघडलेला?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बैहरकडच्या आम्हा मराठी बोलणाऱ्यांना एक टोमणा ओळखीचा आहे: तुमची मराठी म्हणजे बिघडलेली हिंदी! त्याला उत्तर म्हणून आज एकच शब्द घेऊ. भाता.

बाण ठेवायचा तो भाता आणि लोहार भट्टी फुलवतो तोही भाताच. धनुर्धराच्या आणि लोहाराच्या वस्तूला एकच नाव कसे? दोन्हींचे मूळ संस्कृत 'भस्त्रा', म्हणजे चामड्याची पिशवी. तिच्यात बाण भरले की ती पाठीवर जाते, वारा भरला की भट्टीपाशी बसते. भस्त्रिका प्राणायामाचे नावही याच घरचे.

हिंदीत बाणांचा 'भाथा' आणि लोहाराची 'भाथी'. मग 'था'चा 'ता' करून आम्ही शब्द बिघडवला काय? मुळीच नाही. संस्कृत 'हस्त' प्राकृतात 'हत्थ' झाला. पुढे हिंदीत हाथ, मराठीत हात. त्याच वाटेने 'भस्त्रा'चा तिकडे भाथा झाला, इकडे भाता. दोघी एकाच आजीच्या नाती आहेत.

हिंदीतला दुसरा शब्द 'तरकश' फारसीतून आला. पण आमच्या तीरकमठ्यातला 'तीर'ही फारसीच. तेव्हा सोवळेपणाचा तोरा कुणीच मिरवू नये.

धानाच्या या मुलखात मुलांना आणखी एक गंमत सांगावी. ताटातला भात 'भक्त' या शब्दापासून आला. म्हणून भातातून खडा निघतो, भात्यातून बाण! 'ता' आणि 'त्या' यांत घोळ केला, तर शिकारी उपाशी राहील.

जपानी लिपीतही भात्याचे एक चिन्ह आहे. ते 'युगी' असे वाचतात आणि 'उत्सुबो' असेही. उच्चार दोन, म्हणून त्यातला एक बिघडलेला ठरत नाही. विशेष म्हणजे त्या चिन्हाच्या डाव्या अंगाला चामड्याचीच खूण आहे.

मैकलच्या डोंगरांत अगरिया लोक पायाने भाता दाबून दगडातून लोखंड काढीत. आज ती भट्टी दुर्मीळ झाली आहे. वस्तू दिसेनाशी झाली की शब्दाला बोलणाऱ्यांच्या तोंडाचाच आधार उरतो. म्हणून शाळेच्या वहीत मुलांनी 'भाथा' जरूर लिहावा. घरी मात्र 'भाता' म्हणताना मान खाली घालू नये.